पदवी नव्हे, बरणी तपासा

बिल नाय या अमेरिकी विज्ञान-निवेदकाचा विषय निघाला की वाद दोन वाक्यांत आटोपतो. एक बाजू म्हणते, हा माणूस शास्त्रज्ञच नाही, त्याच्याकडे मेकॅनिकल इंजिनीअरिंगची साधी पदवी आहे. दुसरी बाजू त्यांना मिळालेल्या मानद डॉक्टरेट मोजून दाखवते. एप्रिल २०१६ मध्ये अलास्काच्या माजी राज्यपाल सारा पेलिन यांनी ‘नाय जितके शास्त्रज्ञ, तितकी मीही’ अशा अर्थाचे विधान केले आणि हीच दोन वाक्ये पुन्हा एकमेकांवर आदळली. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी नाय यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला, म्हणून हा वाद मिटला असे कोणाला वाटत असेल तर तेही खरे नाही. पदक मिळाल्याने कोणाचा प्रयोग बरोबर ठरत नाही, आणि पदवी नसल्याने चूकही ठरत नाही. दोन्ही बाजू माणसाचे कागद तपासत बसल्या आहेत. त्याने टेबलावर मांडलेली बरणी, म्हणजे करून दाखवलेला प्रयोग, तपासायला कोणीच तयार नाही.

विज्ञान समजावून सांगणे हे संशोधनाहून वेगळे कसब आहे. ते शिकण्याच्या वाटा प्रयोगशाळेतून जातात तशा कारखान्यातून, रंगमंचावरून आणि वृत्तवाहिनीच्या स्टुडिओतूनही जातात. म्हणून निवेदकाची वळणावळणाची कारकीर्द ही त्याच्या खात्यावरची उणीव नसून बहुतेक वेळा त्याची खरी पात्रता असते. या पात्रतेला मर्यादा आहे, आणि नाय यांनी ती काही वेळा ओलांडली. पण ती मर्यादा पदवीने आखलेली नाही.

कारकीर्द आधी नीट पाहू. १९५५ मध्ये वॉशिंग्टन डी. सी. येथे जन्म, १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, मग सिअ‍ॅटलला बोइंग कंपनीत नोकरी. तिथे त्यांनी ७४७ विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बसणारी, दाबाचे हेलकावे शमवणारी नळी तयार केली. ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून ती कशासाठी लागते ते पाहावे. हायड्रॉलिक पंपात दट्ट्या असतात. प्रत्येक दट्ट्या तेलाचा एक ठोका पुढे ढकलतो, त्यामुळे ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाच्या तेलात सतत बारीक लहरी उठतात. या लहरींची वारंवारता एखाद्या नळीच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की नळी थरथरू लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहावे तशी ती थरथर वाढते आणि क्लॅम्पपाशी किंवा सांध्यापाशी धातूला तडा जातो. वाटेत योग्य लांबीची आणि आकारमानाची नळी बसवली की ती लहर विझते. अशा कामात माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. कागदावर बरोबर दिसणारी गोष्ट कार्यशाळेत बिघडते, आणि ती का बिघडली हे शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विज्ञान समजावून सांगणाऱ्याला याहून उपयोगी शिक्षण कोणते?

दिवसा नोकरी आणि रात्री विनोदी कार्यक्रम असे ते दिवस होते. १९७८ मध्ये विनोदी नट स्टीव्ह मार्टिन यांच्यासारखे दिसण्याच्या स्पर्धेत ते जिंकले आणि तिथून रंगमंचाची गोडी लागली. १९८६ मध्ये त्यांनी इंजिनीअरची नोकरी सोडली आणि सिअ‍ॅटलच्या किंग टीव्हीवरील ‘ऑलमोस्ट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात लेखन-अभिनय सुरू केला. कार्यक्रमाचे सूत्रधार रॉस शेफर यांनी ‘गिगावॅट’चा उच्चार ‘जिगावॅट’ केला तेव्हा नाय यांनी तो दुरुस्त केला, आणि शेफर यांनी त्यांना ‘सायन्स गाय’ म्हणून चिडवले. ते नाव कायमचे चिकटले. १९८७ मध्ये त्या नावाने केलेला पहिला तुकडा द्रवरूप नायट्रोजनचे घरगुती उपयोग दाखवणारा होता. हसू येईल असा विषय, पण त्यात चूक करायला जागा नसते. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि वायू झाल्यावर सुमारे ७०० पट जागा व्यापतो. थर्मासचे झाकण घट्ट लावले तर तो फुटतो. लहान बंद खोलीत जास्त ओतला तर हवेतला ऑक्सिजन हटतो आणि माणसाला वासाने वा खोकल्याने कसलीही सूचना न मिळता चक्कर येते. हे माहीत असलेला माणूसच प्रेक्षकांसमोर निर्धास्तपणे हसू शकतो.

त्याच वर्षी कॉर्नेलच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते आपले जुने शिक्षक, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना भेटले. मुलांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम करायचा आहे असे त्यांनी सांगितल्यावर सेगन यांनी दिलेला सल्ला नाय यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे: मुलांना तंत्रज्ञानापेक्षा शुद्ध विज्ञान भिडते, त्यावर भर द्या. १९९३ ते १९९८ या काळात ‘बिल नाय द सायन्स गाय’चे १०० भाग झाले, मालिकेला दूरचित्रवाणीचे १९ एमी पुरस्कार मिळाले. प्रत्येक भागाला एकच विषय: तरंगणे, गुरुत्व, पचन, घर्षण. अर्ध्या तासात एक कल्पना सात-आठ अंगांनी पुन्हा पुन्हा समोर यायची. ही रचना संशोधकाची नाही, ती विनोदी लेखकाची आहे. एक मुख्य विनोद घ्यायचा आणि कार्यक्रमभर वेगवेगळ्या वेशात परत आणायचा, हे तंत्र ‘ऑलमोस्ट लाइव्ह’च्या लेखनखोलीत शिकायला मिळते, विद्यापीठात नाही.

आता इतिहास पाहू. विज्ञान सांगणारा माणूस नेहमी पदवीधर संशोधकच होता का? लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरेडे चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि सात वर्षे तिथे राहिला. पुढे तो थोर संशोधक झाला हे खरे, पण व्याख्यानकला त्याला संशोधनाबरोबर फुकट मिळाली नाही. त्याने वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढू नये म्हणून ‘सावकाश’ असे लिहिलेला कागद तो समोर ठेवत असे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून सुरू झालेल्या नाताळ व्याख्यानांच्या १९ माला त्याने दिल्या, आणि एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने उभी केली. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९५१ ते १९६५ ‘मिस्टर विझर्ड’ म्हणून घराघरात पोहोचलेले डॉन हर्बर्ट हे नट होते आणि त्याआधी युद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक. अ‍ॅलन आल्डा तर पूर्णवेळ अभिनेते. १९९३ ते २००५ त्यांनी दूरचित्रवाणीवर शास्त्रज्ञांशी संवाद साधणारा कार्यक्रम केला, २००९ मध्ये स्टोनी ब्रूक विद्यापीठात विज्ञान-संवादाचे केंद्र उभे करण्यात पुढाकार घेतला आणि २०१८ पासून पॉडकास्ट सुरू केला. त्या केंद्रात शास्त्रज्ञांना शिकवले जाते ते नाट्यशाळेतले उत्स्फूर्त अभिनयाचे व्यायाम, कारण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य बदलणे हे नटाला येते आणि व्याख्यात्याला बहुधा येत नाही. २०१२ मध्ये आल्डांनी शास्त्रज्ञांना ‘ज्योत म्हणजे काय?’ असा प्रश्न घातला आणि उत्तरे तपासायला परीक्षक म्हणून अकरा वर्षांची मुले बसवली. लहानपणी त्यांनी हाच प्रश्न शिक्षिकेला विचारला होता आणि ‘ऑक्सिडेशन’ एवढा एक शब्द मिळाला होता. शब्द चुकीचा नव्हता. पण त्याने काय कळले?

शास्त्रज्ञांनीच विज्ञान सांगावे असे म्हणणाऱ्यांनी सेगन यांचे काय झाले तेही आठवावे. ते मान्यवर ग्रहशास्त्रज्ञ होते, शेकडो शोधनिबंध त्यांच्या नावावर होते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सभासदत्व नाकारले. लोकांत फार मिसळणारा माणूस गंभीर संशोधक नसतो हा समज त्यामागे होता असे त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी म्हटले आहे. दोन वर्षांनी त्याच अकादमीने त्यांना लोककल्याणाचे पदक दिले. संशोधकाने सांगितले तर संशोधन कमी पडले म्हणायचे आणि इंजिनीअरने सांगितले तर पदवी कमी पडली म्हणायचे, मग सांगायचे कोणी?

आपल्याकडे हे दोन्ही नमुने आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर काम केलेले प्रा. यशपाल दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. दुसरीकडे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, पुण्यात टेल्कोच्या ट्रक कारखान्यात नोकरी, मग १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण प्रकल्पात काही काळ. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करून त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या, ही त्यांची युक्ती. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरपा होतो, आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का दिसतात हे मुलाच्या बोटांनाच कळते. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम केले, दूरदर्शनसाठी शंभराहून अधिक छोटे चित्रपट सादर केले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. गुप्तांकडे भौतिकशास्त्राची डॉक्टरेट आहे का, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारायची गरज पडली नाही, कारण चौकोन समोरच तिरपा होत होता.

इथपर्यंतचा युक्तिवाद सोपा आहे. आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे यायला हवे, आणि तो पदवीचा नाही. तो बरणीचा आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या संस्थेसाठी केलेल्या एका छोट्या चित्रफितीत नाय यांच्या आवाजात एक प्रयोग सांगितला होता. दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत थर्मामीटर, दोन्हींवर उष्णता देणारे दिवे. एका बरणीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. थोड्या वेळाने त्या बरणीतला पारा जास्त चढतो. झाला हरितगृह परिणाम सिद्ध! अँथनी वॉट्स या हवामानबदलविषयक टीकाकाराने चित्रीकरणातल्या जोडकामावर आक्षेप घेतला आणि तसेच साहित्य आणून प्रयोग करून पाहिला. त्याला दाखवल्यासारखा फरक मिळाला नाही. वॉट्सचे एकंदर निष्कर्ष मला मान्य नाहीत, तरी या एका बाबतीत तो बरोबर होता हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कारण भौतिकशास्त्रात आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग जी उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांत असते, आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला १५ मायक्रॉनच्या आजूबाजूचा पट्टा शोषतो. तापवायच्या दिव्याचे किरण मुख्यतः १ मायक्रॉनच्या आसपास असतात. साधी काच सुमारे ५ मायक्रॉनच्या पुढचे जवळजवळ काहीच आरपार जाऊ देत नाही. म्हणजे ज्या किरणांवर सगळा प्रयोग उभा आहे ते बरणीच्या भिंतीतच अडतात. बरणी तापते ती काच तापल्यामुळे, आणि दिवा दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे झाला तरी पारा हवा तसा हलतो. कधी कधी कार्बन डायऑक्साइडची बरणी खरोखर जास्त तापते, तेव्हाही कारण वेगळेच असू शकते. या वायूचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. जड वायू तळाशी बसून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही, त्यामुळे अभिसरणाने बाहेर जाणारी उष्णता कमी होते. हे ओळखायची चाचणी सोपी आहे. तिसरे भांडे आर्गॉनने भरायचे. आर्गॉनचा अणुभार ४०, म्हणजे तोही जड, पण तो अवरक्त किरण शोषत नाही. २०१० मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये वर्गात केल्या जाणाऱ्या याच जातीच्या प्रयोगांवर निबंध आला होता. आर्गॉननेही जवळपास तसेच तापमान चढते असे त्यात दाखवले होते. उत्तर बरोबर, कारण चुकीचे. चित्रफीत त्यानंतर वर्षभराने निघाली.

याहून टोचणारी गोष्ट म्हणजे ही चूक दीडशे वर्षांपूर्वीच ओलांडली गेली होती. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकी बाईंनी ४ इंच व्यासाच्या आणि ३० इंच लांबीच्या काचेच्या दोन नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली, आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापल्याचे नोंदवले. हा वायू वातावरणात वाढला तर पृथ्वी तापेल हा अंदाजही त्यांनीच मांडला. पण काचेमुळे सूर्याची आणि जमिनीची उष्णता वेगळी करता येत नव्हती. १८५९ मध्ये लंडनला जॉन टिंडलने धातूची नळी घेतली आणि तिची दोन्ही टोके काचेऐवजी सैंधव मिठाच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्यांनी बंद केली, कारण मिठातून ही उष्णता आरपार जाते. रॉयल इन्स्टिट्यूशनमधले ते काम, फॅरेडेच्या मेणबत्तीच्याच इमारतीतले. २०११ ची बरणी टिंडलच्या अलीकडे, फूटबाईंच्या १८५६ मध्येच थांबली होती.

विरोधकांचा दुसरा मुद्दाही मोठा आहे. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी केंटकी राज्यातल्या सृष्टिनिर्मितिवाद्यांच्या, म्हणजे बायबलमधली सृष्टीची कथा शब्दशः खरी मानणाऱ्यांच्या, संग्रहालयात नाय यांनी त्याचे संस्थापक केन हॅम यांच्याशी जाहीर वाद केला. अशा वादाला जाऊन आपण त्यांना बरोबरीचे आसन देतो, असे अनेक जीवशास्त्रज्ञांनी आधीच बजावले होते. वादानंतर थोड्याच दिवसांत हॅम यांनी बायबलमधल्या महापुरातून प्राणी वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाची प्रतिकृती उभारण्याच्या आपल्या प्रकल्पाला निधी उभा राहिल्याचे जाहीर केले आणि त्याचे काही श्रेय या वादालाही दिले. जुलै २०१६ मध्ये ते तारू प्रेक्षकांसाठी खुले झाले. ही किंमत खरी आहे. तरी त्या मंचावर नाय यांनी काय केले तेही पाहावे. त्यांनी अधिकार सांगितला नाही, हिशेब मांडला. तारवात सुमारे ७,००० ‘जाती’ होत्या आणि आज १ कोटी ६० लाख प्रजाती आहेत असे धरले, तर ४,००० वर्षांत रोज सुमारे ११ नव्या प्रजाती निपजायला हव्या होत्या. भागाकार कोणीही करून पाहावा. मत कशाने बदलेल या प्रश्नाला हॅम यांचे उत्तर, कशानेही नाही. नाय यांचे उत्तर, एका पुराव्याने. चुकीच्या थरात सापडलेले एकच जीवाश्म पुरे. जीवशास्त्राचा एखादा नामवंत प्राध्यापक तिथे असता तर त्याने कदाचित अधिक खोल उत्तर दिले असते. पण तो भागाकार केला असता का? मला शंका आहे.

बरणीच्या बाबतीत मात्र असा बचाव नाही, आणि तो शोधूही नये. प्रश्न असा आहे की चूक पदवी कमी असल्यामुळे झाली का. तसे असेल तर डॉक्टरेट असलेल्या निवेदकाकडून अशी चूक होता कामा नये. उदाहरण हाताशी आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात पेट्रियट्स संघाच्या चेंडूंत हवा कमी आढळली, चेंडू थंडीने मऊ पडले की कोणी हवा सोडली यावर देशभर चर्चा झाली. खगोलभौतिकीत डॉक्टरेट असलेले, दूरचित्रवाणी आणि पॉडकास्ट दोन्हींवर गाजलेले नील डिग्रास टायसन यांनी लिहिले की थंडीमुळे दाब १५ टक्के उतरायला आत १२५ अंश फॅरनहाइटची, म्हणजे जवळपास ५२ सेल्सिअसची हवा भरावी लागेल. वाचकांनी चूक दाखवली. चेंडूवरचे मापक जे १२.५ पीएसआय दाखवते तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून जादा असलेला दाब असतो. पंक्चरवाल्याचे मापक सपाट झालेल्या टायरवर शून्य दाखवते, पण आत वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब असतोच. वायूचा नियम एकूण दाबाला लागू होतो, म्हणजे १२.५ अधिक १४.७, एकूण २७.२. मैदानावर तापमान ५१ फॅरनहाइट होते. त्यावरून नीट गणित केले तर आतली हवा सुमारे ९० फॅरनहाइट, म्हणजे ३२ सेल्सिअस असली तरी पुरे. टायसन यांनी चूक कबूल करून दुरुस्ती केली. अकरावी-बारावीच्या पुस्तकातला नियम, डॉक्टरेट असलेला माणूस, आणि चूक. तिच्यापासून त्यांना पदवीने वाचवले नाही. वाचवले ते गणित पडताळणाऱ्या वाचकांनी आणि ‘चुकलो’ म्हणायच्या तयारीने.

नाय यांच्याही खात्यावर अशी एक नोंद आहे. जनुक-बदललेल्या पिकांविषयी २०१४ च्या त्यांच्या पुस्तकात साशंक सूर होता. २०१५ मध्ये त्यांनी मत बदलले आणि पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण सुधारले. टीकाकार म्हणतात, बियाण्यांच्या कंपनीला भेट दिल्यावर मत बदलले. आक्षेप रास्त आहे, भेट कोणाला दिली हे विचारलेच पाहिजे. पण छापील मजकूर मागे घेणारे लेखक किती असतात?

आता मर्यादा. इंजिनीअर-नट-लेखक या कारकिर्दीने जे कसब मिळते ते दाखवण्याचे, प्रश्न विचारण्याचे आणि चूक ओळखण्याचे असते. निवाडा करण्याचे नसते. नाय सर्वांत भक्कम वाटतात ते हातात वस्तू असताना, किंवा शेजारी खरा तज्ज्ञ बसलेला असताना. मंगळावर २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवर कॅमेऱ्याचे रंग जुळवण्यासाठी हाताच्या तळव्याएवढी एक चकती होती. कोपऱ्यांत चार रंग, मध्ये करड्या छटांची वलये आणि उभी दांडी. दांडी कशाला? मंगळाच्या धुळीने आकाश तांबूस दिसते, त्यामुळे खडकावर पडणारा उजेड सूर्याचा किती आणि आकाशाचा किती हे वेगळे करावे लागते. दांडीच्या सावलीत फक्त आकाशाचा उजेड पडतो, सावलीबाहेर दोन्ही. ही योजना कॉर्नेलच्या शास्त्रज्ञांची. नाय यांनी ती दांडी पाहिली आणि म्हणाले, हे तर सूर्यघड्याळ होऊ शकते. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात वेक बेटावर पकडले गेले, जपान्यांच्या छावणीत घड्याळाविना असताना फावड्याच्या दांड्याच्या सावलीवरून वेळ ओळखत, आणि पुढे आयुष्यभर सूर्यघड्याळांच्या नादी लागले. चकतीवर ‘दोन जगे, एक सूर्य’ अशा अर्थाचे शब्द कोरले गेले आणि शाळेतल्या मुलांना मंगळावरची वेळ मोजता आली. उजेडाचे मोजमाप शास्त्रज्ञांनीच केले. निवेदकाने त्यात ढवळाढवळ केली नाही, आणि शास्त्रज्ञांना न दिसलेली गोष्ट त्याला दिसली.

पॉडकास्टमध्ये ही वाटणी आणखी नाजूक होते. मे २०१९ मध्ये नाय यांनी विज्ञानपत्रकार कोरी पॉवेल यांच्या जोडीने ‘सायन्स रूल्स’ सुरू केला: एक पाहुणा तज्ज्ञ, श्रोत्यांचे फोन, आणि नाय मध्यस्थ. २०२० मध्ये त्याचे भाग कोविडकडे वळले. जुन्या मालिकेला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पैसा होता, संहिता होती, पुन्हा चित्रित करायची सोय होती. बोलण्याच्या ओघात यातले काही नसते. बरणी दिसत नाही, म्हणून ती तपासताही येत नाही. इथे निवेदकाचे काम उत्तर देण्याचे उरत नाही. पाहुणा ‘धोका दुप्पट झाला’ म्हणाला की ‘कितीचा दुप्पट? लाखात एकाचा, की शंभरात दहाचा?’ हे विचारायचे. पाहुणा आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर गेला की त्याला परत आणायचे. फोन करणाऱ्याने ‘जीन’ आणि ‘पेशी’ यांची गल्लत केली तर त्याचा पाणउतारा न करता प्रश्न नीट मांडून पुढे द्यायचा. हे काम शोधनिबंध लिहिणाऱ्याला आपोआप येते असे कोणी म्हणेल का?

जुलै २०२० मध्ये नाय यांनी मास्कवर केलेली छोटी चित्रफीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तोंडाला गळपट्टा बांधून फुंकले, मेणबत्ती विझली. एन-९५ लावून फुंकले, विझली नाही. कोणालाही घरी करता येईल आणि चटकन पटेल. पण ही ज्योत समोर जाणाऱ्या झोताचा जोर दाखवते. ०.३ मायक्रॉनचे कण किती अडले हे ती दाखवत नाही, आणि गालाच्या बाजूने मास्क सैल असेल तर तिथून सुटणारी हवाही ती दाखवत नाही. झोत अडवणारा पण कडेने गळणारा मास्क या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. चित्रफितीतले म्हणणे खरे होते, प्रयोगाची कक्षा तेवढी सांगायची राहिली. एक वाक्य पुरले असते. बरणीच्या चित्रफितीत जे झाले त्याच्या तुलनेत ही उणीव फार लहान आहे. ती दाखवायला कोणाची पदवी विचारावी लागत नाही, मेणबत्ती आणि सैल मास्क असला की झाले.

आणि ती बरणीही नीट करून दाखवता येते. दोन्ही टोके उघडी असलेली रुंद नळी घ्यावी. टोकांना काच न लावता पातळ पॉलिथिन ताणून बसवावे, ते अवरक्त किरण बऱ्यापैकी सोडते. एका टोकामागे मेणबत्ती, दुसऱ्या टोकापुढे उष्णता टिपणारा कॅमेरा. कॅमेरा ३ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहणारा हवा आणि त्यावर ४.२६ मायक्रॉनच्या आसपासची गाळणी हवी, कारण ज्योतीचे या पट्ट्यातले किरण कार्बन डायऑक्साइड जोरात शोषतो. बाजारात सहज मिळणारे स्वस्त कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनचे असतात, त्यांत काही दिसणार नाही आणि प्रयोग फसला असे वाटेल. नळीत वायू हळूहळू सोडावा, जोरात सोडला तर फुगलेले पॉलिथिन फाटते. काही सेकंदांत पडद्यावरची ज्योत विझल्यासारखी दिसेनाशी होते, डोळ्यांना मात्र ती तशीच जळताना दिसते. वातावरणातला मुख्य पट्टा १५ मायक्रॉनचा आहे, हा ४.२६ चा, हे त्याच वेळी सांगावे. मग नळी रिकामी करून आर्गॉनने भरावी आणि कॅमेरा तसाच चालू ठेवावा. ज्योत दिसत राहते.